डाव्या दाराचा पॅड

दादाचा फोन आला तेव्हा मी रिक्षाच्या हुडाला कड लावत होते आणि तोंडात टाचण्या धरलेल्या होत्या. तो म्हणाला, "बाबांची गाडी खांबावर चढवायचं ठरलंय." टाचण्या गिळल्या नाहीत हेच नशीब.

"कुठल्या खांबावर?"

लातूरहून औशाला जाताना त्याच्या एका दोस्ताचा ढाबा लागतो. ढाबा म्हटलेलं त्यांना चालत नाही, गार्डन रेस्टॉरंट म्हणायचं. तर त्या गार्डनच्या तोंडाशी सिमेंटचा खांब उभा केलेला, दोन पुरुष उंच. त्यावर बाबांची गाडी बसवायची. इंजिन काढून टाकायचं, म्हणजे वजन हलकं होतं. खालून निळे-जांभळे लाईट सोडायचे. लोक येतील, सेल्फी काढतील, मग पनीर खातील.

"बाबांचं नाव राहील," दादा म्हणाला.

बाबांचं नाव राहायला बाबांची गाडी सुळावर द्यायची होय रे? असं मी म्हटलं. पुढं आणखीही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. दुकानात हुडाची वाट बघत बसलेला रिक्षावाला उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

आता गाडीचं सांगते. आमचे बाबा नांदेडातले कुशनवाले. रिक्षाचे हुड, टेम्पोच्या सीटा, ट्रॅक्टरच्या गाद्या हाच जन्मभराचा धंदा. मी नवऱ्याला सोडून माहेरी आले आणि त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसले. मी नवऱ्याला सोडलं, त्यानं मला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण गल्लीत उलटं सांगतात. तर बाबा एकदा लोह्याकडं एका जमीनदाराकडं ट्रॅक्टरची गादी शिवायला गेले. तिथं गोठ्यात ही गाडी पडलेली. विलायती, दोन सीटची, बसकी, जुन्या काळी शर्यतीत पळवायचे तसली. कोंबड्या तिच्यात अंडी घालून राहिल्या होत्या. बाबांनी मजुरी घेतलीच नाही, गाडी मागितली. जमीनदारानं वर चहा पाजला, कारण गोठा मोकळा झाला.

टेम्पोवर घालून गाडी घरी आली तेव्हा माय म्हणाली, "गावात भंगारवाले मेले का, म्हणून आपल्या घरी आणलं?"

बाबांनी किती वर्षं त्या गाडीला दिली, देव जाणे. देव म्हटलं की बाबा चिडायचे, पण ते असो. एका मेकॅनिक दोस्ताला धरून त्यांनी इंजिन जिवंत केलं. हुड स्वतः शिवला. सीटा उसवून नव्यानं भरल्या, त्यावर मरून रंगाचं रेक्झिन चढवलं. ते रेक्झिन हैदराबादहून आणलेलं, तसा रंग पुन्हा कुठं दिसला नाही. उजव्या दाराला आतून जो पॅड असतो, तो मूळचा शाबूत होता, त्यालाच त्यांनी नवं कापड घातलं. डाव्या दाराचा पॅड मात्र गोठ्यातच सडून गेला होता. तिथं नुसता उघडा पत्रा. आतली काच खालीवर करायची दातेरी चक्रं, तारा, गंज सगळं दिसायचं. "करू," म्हणायचे बाबा. करू करू म्हणता थंडीत एक दिवस दुपारचं जेवून पडले ते उठलेच नाहीत.

दादा लातूरला क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. मोठा सर आहे. पोरं त्याच्या पाया पडतात, पालक त्याच्या दारात गाडी लावून उभे राहतात. बाबा गेल्यावर सगळं त्यानंच ठरवायचं, हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. मोठा म्हणून त्यानंच ठरवलं असावं.

"अगं तायडे, अर्धवट गाडी आहे ती," तो फोनवर सांगत होता. "डावं दार बाबांनाच जमलं नाही. पुरी असती तर मीच म्हटलं असतं, ठेव."

"पुरी केली तर?"

तो हसला. ते सर लोकांचं हसणं असतं ना, पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावरचं, तसं. "रविवारी क्रेन घेऊन येतोय आम्ही. तोपर्यंत बाबांच्या हातासारखं दार केलंस, कुठं खोट निघाली नाही, तर गाडी तुझी. खोट निघाली तर गप बसायचं. मंजूर?"

"मंजूर. माय ऐकून राहिली बरं का. स्पीकरवर हायेस तू."

"ऐकू दे की."

मी फोन ठेवला आणि मायकडं बघितलं. ती दुकानाला लागून असलेल्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर गवार मोडत बसली होती. "कशाला पैज लावलीस बाई," ती म्हणाली, "त्याच्या तोंडाला लागून कोण जिंकलंय?" मी म्हटलं, "आता जिंकेल."

बोलायला काय जातंय. गाडीसमोर जाऊन बसले तेव्हा कळलं. बाबांनी ठेवलेलं मरून रेक्झिन माळ्यावरून काढलं, दारावर धरून बघितलं. बरोबर एका पॅडपुरतं. कड वळवायला दोन बोटं जास्त, बस्स. एक कात्री चुकली की संपलं. बाजारात गेले, म्हटलं जोडीला थोडं तरी मिळतंय का बघावं. रेक्झिनवाला पोटावर हात ठेवून म्हणाला, "ताई, ते जुनं कशाला शोधून राहिल्या? डायमंड शिलाईवालं घ्या, सोनेरी धाग्याचं. सगळी बोलेरोवाली तेच नेतात." मी म्हटलं, "बोलेरोवाल्यांना माझा नमस्कार सांगा," आणि निघाले.

पहिली चूक माझीच झाली, आणि ती ब्लाऊजची चूक होती. मी धंद्यात यायच्या आधी लेडीज टेलरिंग शिकलेले. ब्लाऊजला काय करतो आपण? कापड दुमडायचं, एकदा कापायचं, डावं-उजवं एकसारखं. तसंच मी उजव्या दाराचा पॅड काढला, खाकी पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली, पुठ्ठा उलटा केला आणि त्यावरून हार्डबोर्ड कापला. डाव्या दाराला लावून बघते तर पुढच्या अंगाला बोटभर फट! मागं मात्र बोर्ड पत्र्यावर चढतोय. काच फिरवायच्या दांड्याचं भोक भलतीकडंच. मी बोर्डला शिव्या दिल्या, दाराला दिल्या, गोऱ्या साहेबाच्या सात पिढ्यांना दिल्या. मग पाणी प्यायले आणि टेप घेऊन दोन्ही दारं मोजली. दोन्ही येगळी. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी पत्रा हातानं ठोकलेला, प्रत्येक दार आपापल्या मिस्त्रीचं. माणसाचे दोन कान कुठं सारखे असतात? रेक्झिनला कात्री लावली नव्हती म्हणून वाचले.

मग उजवं दार विसरले. डाव्या दारावरच पुठ्ठा चिकटपट्टीनं लावला आणि बोटांनी दाबत दाबत कडेचा ठसा घेतला. दांड्याच्या जागी खडू चोळला, म्हणजे पुठ्ठ्यावर भोकाची जागा आपोआप उमटते. ही बाबांची युक्ती, रिक्षाच्या मीटरची जागा काढायला वापरायचे. दार थोडं बाहेरून फुगीर होतं, बोर्ड सपाट. बोर्ड ओला करून दोन पाटांवर आडवा ठेवला आणि मध्ये मायचा वरवंटा ठेवला. माय म्हणाली, "आता चटणी काय गाडीच्या टपावर वाटू?" दुसऱ्या दिवशी बोर्डला बाक आला होता. दोन्ही अंगांनी वॉर्निश मारलं, उन्हात वाळवला, दाराला लावला. असा बसला की मी एकटीच टाळी वाजवली.

उजव्या पॅडवर उभ्या नळ्या होत्या, म्हणजे कापडाखाली अस्तर लावून उभ्या शिलाया मारायच्या आणि दोन शिलायांच्या मध्ये कापूस भरायचा, की नळीसारखे फुगवटे येतात. शिलाई मी मारली. त्या वेळी कोणाला दुकानात येऊ दिलं नाही. एक गिऱ्हाईक दारातून "ताई, ताई" करत राहिलं, मी मान वर केली नाही. रेक्झिनला सुई एकदा टोचली की भोक कायमचं. उसवायची सोयच नसते.

कापूस भरायचं काम मायचं. तिचा त्यात हात कोणी धरणार नाही. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून शिवून तिची बोटं तयार झालेली. पातळ काडीनं ती एकेका नळीत कापूस सारायची, तळहातानं दाबून बघायची, पुन्हा सारायची. मी बाजूला, पॅड दारात अडकवायच्या क्लिपा घासत बसले होते. ती काहीतरी गुणगुणत होती. मी म्हटलं, "माय, बाबा असते तर तुला पगारावर ठेवलं असतं." ती म्हणाली, "लई ठेवलं! फुकटात राबवलं जन्मभर." पण चेहरा खुलला होता. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला अशी बघत होते, आणि मला वाटलं, गाडी राहो न राहो, एवढं तर झालं. लगेच स्वतःलाच दटावलं. गाडी राहिलीच पाहिजे.

नळ्यांची तोंडं मी शिवून बंद केली. सुलोचन, म्हणजे चिकटवायचं सोल्युशन, लावून कापड बोर्डवर ताणलं, कडा मागं वळवून पिना ठोकल्या, क्लिपा बसवल्या. शनिवारी पॅड दारात दाबला. टक, टक, टक करत सगळ्या क्लिपा आपापल्या भोकात गेल्या. दांडा लावला, कडी लावली. दार उघडून, लावून, पुन्हा उघडून बघितलं. डावं कुठलं, उजवं कुठलं, कळू नये असं झालं होतं. मी गाडीत बसून रडले. आनंदानं रडले आणि रागानं पण, कारण हे बघायला जो माणूस पाहिजे होता तो नव्हता.

रविवारी ते आले. पुढं दादाची गाडी, मागं पिवळी क्रेन. दादासोबत तो ढाबेवाला दोस्त, पांढरे बूट, गॉगल कपाळावर चढवलेला. गल्लीतली सगळी खिडक्यांत. माय विहारातून वंदना करून नुकतीच आली होती, पांढऱ्या लुगड्यात ओट्यावर बसली.

दादानं दार उघडलं. बघितलं. उजवं उघडलं. पुन्हा डावं. मी त्याला लहानपणापासून ओळखते, त्याचा खालचा ओठ आत गेला. हरल्यावर जातो. मी मनात म्हटलं, बोल आता सर!

ढाबेवाल्यानं मात्र वाकून पॅडवरून हात फिरवला. एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत. आणि मध्ये थांबला. पुन्हा फिरवला.

"हे काय आहे? आत खडा राहिलाय."

मला वाटलं मस्करी करतोय. मी हात लावला. मधल्या नळीत, बरोबर मधोमध, बोटाखाली कायतरी टचटचत होतं. पॅड लावताना मी कडा बघितल्या, क्लिपा बघितल्या, मधोमध हात लावून बघायचं सुचलंच नाही.

"खोट," दादा म्हणाला. एवढंच. पण किती हलक्या जिवानं म्हणाला!

"खडा न्हाई त्यो," माय ओट्यावरून म्हणाली. "ज्वारी हाय."

सगळे तिच्याकडं वळले.

"चार दाणे टाकलेत मी. पोटात."

ज्यांच्या घरात वाकळ शिवत नाहीत त्यांना सांगायला पाहिजे. आमच्याकडं बाया वाकळ शिवतात तेव्हा कडेनं शिवत शिवत मध्यावर येतात, आणि मध्य बंद करायच्या आधी तिथं ज्वारीचे चार दाणे ठेवतात. का, तर वाकळ उपाशी राहू नये. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याला ऊब देत नाही म्हणतात. वाकळेत चार दाणे कोणाला टोचत नाहीत, चिंध्यांचे थरावर थर असतात. पण बोटभर जाडीच्या पॅडमध्ये, ताणलेल्या रेक्झिनखाली, ते फोडासारखे वर आले होते. आणि काढायचे तर शिलाई उसवावी लागणार, आणि शिलाई उसवली की कापड गेलं. दुसरं कापड नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरलं आणि मायचा असा राग आला मला, असा राग आला, की काय सांगू.

"माय, अगं गाडी होती ती! वाकळ नव्हती!"

"हाव, मला दिसत नाही का," ती म्हणाली. "भरायचं काम मला दिलं ना? मग मी भरते तसंच भरणार."

दादाला आता जोर चढला. "बाबांना चाललं असतं हे? सांग ना माय. ज्या माणसानं गिऱ्हाइकाच्या रिक्षाला लिंबू-मिरची बांधू दिली नाही, कोशिंबिरीत घाला म्हणायचे, त्यांच्या गाडीत तू अंधश्रद्धा भरलीस. आणि हिला वाटतंय बाबांच्या हातासारखं काम झालं!"

हे मात्र लागलं. मला लागलं, कारण खरं होतं. बाबा तसेच होते.

माय उठली. गुडघ्यांवर हात देत गाडीपाशी आली. "लिंबू येगळं," ती म्हणाली. "लिंबू दुसऱ्याच्या नजरेच्या भ्यानं बांधतात. हे भ्याचं न्हाई. आणि बाप कळतो का रं तुला तुझा? सीटा भरायला बसला की मलाच हाक मारायचा. दाणे घिऊन ये गं, म्हणायचा, तुझ्याबिगर पोट कोण भरणार. मी म्हणायची, तुम्ही तर हे मानत न्हाईत. तर म्हणायचा, मी न्हाई मानत, पण सीट तू भरलीस, तर तुझ्या रीतीनं भर."

"काहीही सांगू नको माय."

"मी कशाला सांगू? हात घाल. त्याच्या सीटंखाली, गोणपाटाच्या आत, मधल्या शिलाईपाशी."

दादा वाकला. कडक इस्त्रीचा शर्ट, एक गुडघा मातीत. सीटखाली हात घालून चाचपडला आणि थांबला. मग हात काढून पॅंटला पुसला. बोटांना दाणे लागले होते, हे त्याच्या तोंडावरच दिसलं. मी बाबांच्या शेजारी इतकी वर्षं बसले, तोंडावरची माशी हलली तरी मला कळायचं असं समजत होते. हे मला माहीत नव्हतं. बाबा, तुम्हीपण ना!

मला वाटलं आता संपलं. पण दोस्तासमोर माघार कशी घेणार? दादा उठला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "ते असू दे. ठरलं ते ठरलं. खोट निघाली तर गप बसायचं, हेच बोलणं झालं होतं. क्रेनवाले, पट्टे लावा."

क्रेनवाला पट्टे घेऊन पुढं आला. तोंड उघडलं असतं तर त्या दिवसानंतर भाऊ-बहीण राहिलो नसतो, इतकं घाण माझ्या जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात मायनं डावं दार उघडलं. गाडी बसकी, पार जमिनीलगत. ती दोन्ही हातांनी पॅडच्या वरच्या कडेला धरून, सगळा भार त्यावर टाकून, हळूहळू खाली बसली. एकही क्लिप सुटली नाही. लुगड्याचा काठ आत ओढून घेतला आणि तिनं दार लावलं.

"हं," ती म्हणाली. "उचला."

क्रेनवाला पट्टे हातात घेऊन उभा.

"माय, उतर," दादा म्हणाला.

"न्हाई उतरत. मला बी ठेव खांबावर. तुझ्या बापानं बसवलेली सीट हाय, मऊ हाय. लाईट सोडा खालून. येणारे-जाणारे फोटू काढतील. तुझ्या क्लासची पोरं येतील, त्यांचे मायबाप येतील. खाली पाटी लाव मोठी. ही सरांची माय."

खिडकीतून कोणीतरी हसलं. दादाचा चेहरा लाल झाला.

"माय, तमाशा करू नको."

"तमाशाचा खांब तर तूच बांधून राहिला."

क्रेनवाल्यानं पट्टे खांद्यावर टाकले. "सर, माणसासकट मी उचलत नसतो," तो म्हणाला आणि क्रेनकडं वळला. ढाबेवाल्यानं गॉगल कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "तुमचं घरचं आधी मिटवा सर, मग फोन करा," म्हणाला आणि क्रेनवाल्याशेजारी जाऊन बसला. क्रेन उलटी जात गल्लीच्या बाहेर पडली. दादा बाबांच्या गाडीच्या नाकासमोर उभा राहिला. एकटा. त्याला कुठं बघावं कळत नव्हतं, म्हणून तो बॉनेटकडं बघत होता.

मला त्याची दया आली का? आली. खोटं कशाला बोलू. पण दया आली म्हणून गाडी द्यायची नसते.

मी उजवं दार उघडलं, बाबांच्या सीटवर बसले, चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि लागलं. मायनं पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि डाव्या हाताचं कोपर पॅडवर टेकवलं, जशी काय रोजच बसते.

"दादा," मी म्हटलं, "बाजूला हो. गाडी निघून राहिली."

आणि दादा बाजूला झाला.